त्या जागी कोण राहतं?

'सिव्हिलायझेशन 7'मध्ये नवं युग लागलं की जुन्या इमारतीच्या जागी नवी बांधता येते. ग्रंथालय गेलं, वेधशाळा आली, विज्ञानाचा आकडा वाढला. मला कधी वाईट वाटलं नाही, कारण तिथे राहणारं कुणी दिसतच नाही.

मग धुळे आठवतं. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने ते खानदेशाचं मुख्यालय केलं. जुन्या शहरात आजही नंबरांच्या गल्ल्या आहेत. वरून पाहिलं तर नुसते आकडे. पण धुळेकर 'गल्ली नंबर पाच' म्हणतो, तेव्हा त्यात कुणाचं बालपण असतं, कुणाची उधारी.

सुधारणा वाईट नाही; तुंबलेली गटारं कुणाला जपायची असतात? पण फायदा एकाचा आणि घर दुसऱ्याचं जाणार असेल, तर आधी त्या दुसऱ्याला विचारायला हवं. गेममध्ये तसं बटण नाही. धुळ्या-जळगावात दार वाजवता येतं.