पांढरे केस, खिजाब आणि शरीराची अमानत



केसांत पहिली पांढरी बट दिसली की मन अस्वस्थ होते. वास्तविक, सूरह रूममध्ये (३०:५४) अल्लाहने मानवी जीवनाचा क्रमच सांगितला आहे: आधी दुर्बलता, मग सामर्थ्य, पुन्हा दुर्बलता आणि पिकलेले केस. पांढरा केस हा अपमान नव्हे. तो उपटून टाकण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि त्यास श्रद्धावंताचे तेज म्हटले.

तरीही केस रंगविणे निषिद्ध नाही. मक्काविजयाच्या वेळी (हिजरी सन ८) हजरत अबू बकर (र.) यांचे वृद्ध पिता अबू कुहाफा (र.) यांना प्रेषितांसमोर (स.) आणले गेले. त्यांचे केस व दाढी पांढरीशुभ्र होती. प्रेषितांनी (स.) तो रंग बदलण्यास सांगितले, मात्र काळा रंग टाळण्याची सूचना केली. मेंदी व कतम यांना त्यांनी उत्तम खिजाब म्हटले. काळ्या रंगाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु निकाहसाठी वय लपवून समोरच्याची फसवणूक करणे कोणत्याही मताने वैध ठरत नाही.

आता प्रश्न उरतो, केस किती वेळा रंगवावेत? शरीअतने दिवसांची संख्या ठरविली नाही. मापदंड मात्र दिला आहे. स्वतःस हानी पोहोचवू नये, इतरांसही पोहोचवू नये. हे शरीर आपली मालमत्ता नाही, अल्लाहची अमानत आहे.

शुद्ध मेंदी सामान्यतः सौम्य असते. रासायनिक कलपात मात्र बहुधा पीपीडी नावाचे द्रव्य असते. त्यामुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते. चेहरा सुजतो, क्वचित श्वासही कोंडतो. म्हणून दोन वेळांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. तेव्हा फक्त मुळांशी रंग लावणे पुरेसे होते. प्रत्येक वेळी ४८ तास आधी कानामागे थोडा कलप लावून पाहावा. हातमोजे वापरावेत, टाळूवर जखम असल्यास थांबावे, भुवयांना तो लावू नये. खाज वा सूज आली तर त्वरित धुवून डॉक्टरांकडे जावे आणि तो कलप पुन्हा वापरू नये.

भगिनींनो, एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. मेंदीचे पान स्वतः काळा रंग देत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात पुष्कळदा हेच पीपीडी मिसळलेले असते. ईदला वा लग्नात ती मुलींच्या हातांवर लावली जाते. त्वचेस एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते व पुढे साध्या कलपानेही उसळते. क्षणभराच्या शोभेसाठी मुलांच्या आरोग्याशी खेळण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

वुजूची चिंता नको. रंग केसांत मुरतो, त्याचा थर राहत नाही. फक्त लेप धुवून टाकावा.

केस सजवा, पण मर्यादेत. आरशातील पांढरा केस परतीच्या प्रवासाचे स्मरण देतो. रंगाखाली तो झाकला तरी ते स्मरण झाकले जाऊ नये. अल्लाह आपणा सर्वांना अमानतीची जाण देवो. आमीन.