मुद्दल

आजोबांनी ठेवलेलं मोडून खाणाऱ्याला आमच्या मुलुंडात 'उधळ्या' म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवजंतूंनी समुद्राच्या पोटात ठेवलेली ठेव मोडून खाणाऱ्याला मात्र 'स्वयंपूर्ण' म्हणतात!

1974 साली 'सागर सम्राट'नं मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, बॉम्बे हायला तेल शोधलं, तेव्हा विहीर जणू आपल्याच परसात लागली अशा थाटात आम्ही उपनगरवाले वावरलो. 1976 पासून उपसा सुरू झाला. 1989 च्या सुमारास तो शिखराला पोचला आणि मग उतरणीला लागला. 2025 साली ओएनजीसीनं तिथलं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश कंपनीची मदत घेतली. म्हातारी म्हैस, नवा गवळी!

नॉर्वेनं 1990 साली कायदा करून तेलाच्या पैशाचा फंडच काढला. पुढे 2001 मध्ये दंडक घातला: खर्च साधारण व्याजाइतकाच, मुद्दल नातवंडांचं. आमची ही म्हणाली, "त्यात काय एवढं? माझी आई हेच करायची."

पण घरात चूल थंड असताना फिक्स डिपॉझिट कोण करतो? तेव्हा आपण तेल जाळलं यात पाप नाही. प्रश्न एवढाच, की जाळून केलं काय? सोसायटीची टाकी बदलायची तरी सभासदांची सभा लागते. अजून जन्मालाच न आलेल्या सभासदाला कोण विचारतो? त्या तेलावर शाळा, धरणं, रेल्वे उभी राहिली असेल, तर मुद्दल रूप बदलून उरलं म्हणायचं. नुसतीच गाडी घाटकोपरच्या सिग्नलला घरघरत राहिली असेल, तर पोरं विचारणारच, "आजोबा, आमचा हिस्सा?"

त्या वेळी धूरसुद्धा दाखवता यायचा नाही. तोही उडून गेलेला असेल.