किती वीज पुरे?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं छोटंसं बेट आहे. वस्ती साधारण शंभर माणसांची. मुख्य भूमीवरच्या ग्रिडची तार तिथे पोचलेली नाही. २००८ पासून बेटावरचे लोक पाणी, वारा आणि ऊन यांतून आपली वीज आपणच तयार करतात. कमी पडली तर डिझेल जनरेटर असतो. नियम असा, की कुठल्याही घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही. व्यवसायांना १०. मर्यादा ओलांडली की त्या घराची वीज जाते.

असा ग्रिड आखताना पॅनल किती, बॅटरी केवढी, हे नंतर येतं. त्याआधी ठरवावं लागतं, की माणसाला किती पुरे. सगळे एकाच वेळी गीझर लावतील असं धरलं, तर त्या मोजक्या तासांसाठी यंत्रणा भलतीच मोठी होते आणि खर्च सगळ्यांच्या माथी बसतो.

पण एकट्या माणसाला ५ आणि सहा जणांच्या घरालाही ५, हा न्याय आहे का? मला तो पुरता न्याय वाटत नाही. तरी त्यात एक सचोटी दिसते: मर्यादा सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांवर आहे.

मर्यादा आपल्या ग्रिडलाही आहेच. शहरात एसी लावताना मला ती जाणवत नाही. रात्री वीज येते म्हणून अंधारात पंप सुरू करायला शेतात जाणाऱ्याला ती रोज जाणवते. तिचा भार कुणी उचलायचा, हे आपण कधी एकत्र बसून ठरवलं?