स्वस्त घराची किंमत

निवृत्तीनंतर राहायचे कुठे, हा प्रश्न हल्ली आपल्या धर्मग्रामातही ऐकू येतो. मुले परदेशी असतात, गाठीला थोडी पुंजी असते आणि कुणीतरी सांगते, मलेशियाचा किनारा बघा. परदेशी लोकांना तेथे दीर्घकाळ राहता यावे म्हणून तेथील सरकारने २००२ साली एक योजनाही सुरू केली. आम्ही उभयता पेनांग आणि मलाक्का पाहून आलो, ते याच विचाराने. हवा मानवली, भात-मासळी मिळाली, माणसेही अगत्याची. मग अडचण कसली?

पेनांगच्या जॉर्ज टाऊनमध्ये जुन्या घरांच्या रांगा आहेत: खाली दुकान, वर बिऱ्हाड. १९४८ पूर्वी बांधलेल्या अशा घरांची भाडी कायद्याने बांधून दिलेली होती. २००० च्या जानेवारीपासून ते संरक्षण गेले आणि कितीतरी जुन्या भाडेकरूंना घर सोडावे लागले. २००८ साली युनेस्कोने मलाक्का व जॉर्ज टाऊन यांना जागतिक वारसा ठरवले, तेव्हा बाहेरचे गिऱ्हाईक आणखी वाढले. आम्हाला ‘परवडणारे’ वाटलेले घर पूर्वीच्या बिऱ्हाडाला परवडेना म्हणून रिकामे झाले असेल तर?

मागितलेली किंमत मोजून घर घेतले, त्यात अन्याय कोणता, असे कुणी म्हणेल. खरे आहे, ही चोरी नव्हे. अब्राहामानेही सारेला पुरण्यासाठी हेथी लोकांकडून शेत घेतले, ते चारशे शेकेल रुपे तोलून. फुकट देऊ केले तरी त्याने घेतले नाही. पण मला त्या कथेत रुप्याहून दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. तो आधी त्या लोकांपुढे नमला, आपण उपरे आहोत हे त्याने स्वतःच सांगितले आणि वेशीपाशी सर्वांच्या देखत जागा मागितली. पैसे नंतर आले. आपल्याला दलाल भेटतो, शेजारी भेटत नाही.

मलाक्क्यात हे अधिकच जाणवले. तेथे उजोंग पासीर भागात क्रिस्तांग कॅथलिकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी मलाक्का १५११ मध्ये जिंकले, १६४१ मध्ये गमावले. मागे या लोकांची बोली आणि श्रद्धा उरली. जूनअखेरीस संत पेत्राच्या सणाला होड्या सजवतात, त्यांना आशीर्वाद दिला जातो. वसईकराला आपल्याच गावात आल्यासारखे वाटते! पण किनाऱ्यालगत समुद्रात भराव पडत गेले आणि कोळ्यांचे पाणी दूर गेले. आपल्या वसईतही वाड्या विकल्या गेल्या, इमारती उठल्या. बाहेरून येणाऱ्यांविषयी आपण घरात काय बोलतो, ते येथे लिहायला नको. मलाक्क्यात ते ‘येणारे’ आम्ही असणार होतो.

पत्नीने सरळ विचारले, “त्यांची भाषा शिकाल? त्यांच्या मयताला जाल?” माझ्या मते घराच्या दरापेक्षा हे आधी ठरायला हवे. दलालाने मात्र सोपी वाट सुचवली: घर घेऊन ठेवा, वर्षातून तीन महिने या. म्हणजे उरलेले नऊ महिने त्या गल्लीत आणखी एक दार बंद.