वरून वाच

एका खेड्यात एक लहानसं मंदिर होतं. दगडी भिंती, वर पत्रे, दाराशी घंटा. घंटा कुणी ओढायची यावरून दर रविवारी पोरांची भांडणं होत. नगरकडच्या कितीतरी गावांत असं मंदिर आहे, तेव्हा गावाचं नाव राहू द्या.

तिथल्या मंडळीत एक पंच होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस शिस्तीचा. उपासनेला कधी उशीर नाही, दशांश कधी चुकवला नाही. शास्त्रातली ओवी तर ओठांवरच असायची.

झावळ्यांचा रविवार होता. शहरात कंपनीत लागलेला एक पोरगा पहिल्यांदाच सुट्टीवर आला होता. उकाड्यानं त्यानं बाह्या वर सारल्या आणि बाकाबाकांवर कुजबुज सुरू झाली. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काळाशार क्रूस होता, त्याला काट्यांचा वेल. कानात बारीक बाळी.

उपासना सुटली. पाळकसाहेब अजून झगा काढत होते, तेवढ्यात अण्णांनी त्या पोराचा हात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"लेवीय, अध्याय १९, ओवी २८," ते म्हणाले. "अंगावर गोंदायचं नाही म्हणून परमेश्वरानं मोशेला सांगितलं. आणि हा गोंदूनच त्याच्या घरात आला! कान तर बघा. बायकांसारखे टोचलेत."

अण्णांच्याही कानांच्या पाळ्यांना भोकं होती. ते तान्हे असताना सोनारानं टोचलेली. साठ वर्षांत ती बुजत आली होती, म्हणून त्या दिवशी कुणाच्या लक्षात आली नाहीत.

"प्रभूसाठीच गोंदलंय, अण्णा," पोरगा म्हणाला. "मिसरातले ख्रिस्ती तर लहान लेकरांच्या मनगटावरही क्रूस गोंदतात."

पाळकसाहेबांनी मान हलवली. पोरगा खोटं बोलत नव्हता. मिसरातल्या कॉप्ट लोकांच्या उजव्या मनगटावर, आतल्या अंगाला, लहानसा क्रूस असतो. यरुशलेमेतही यात्रेकरूंना क्रूस गोंदून देणारं एक घराणं आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी लाकडी ठसे जपलेत. पण अण्णांना मिसराचं काही ऐकायचं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून पोराची आजी उठली. काठी टेकत पुढं आली.

"अण्णा, मग माझं काय करायचं?"

तिच्या कपाळावर गोंदण होतं, हनुवटीवर होतं, दोन्ही हातांवर होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी ते पाहिलं होतं, म्हणजे कुणीच पाहिलं नव्हतं.

"मी सात वर्षांची होते," आजी म्हणाली. "गोंदणारीण दारात आली. आई म्हणाली, मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं संगं येतं. मी रडले, पण गोंदून घेतलं. पुढं सासरी आले आणि आम्ही सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, हे चालायचं नाही, बिब्बा लाव, जळून जाईल. मी लावला."

तिनं बाही वर केली. दंडावर तुळस होती, अर्धी हिरवी, अर्धी भाजून आक्रसलेली.

"कातडं गेलं, गोंदण राहिलं. बायबलबाई आली, तिनं लोणी लावलं. म्हणाली, प्रभूनं तुला बोलावलं तेव्हा त्याला हे हात दिसले नव्हते का?"

मंदिरात कुणी बोलेना. अण्णा खाली बघून म्हणाले, "आत्या, तुमची गोष्ट वेगळी. पण ओवी ती ओवीच."

"मी कुठं खोडते? वाच की. पण वरून वाच. सबंध अध्याय वाच. मला आता अक्षर दिसत नाही."

अण्णांनी शास्त्र उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

ओवी ३ आली. आईबापाचा मान राखायला सांगणारी. पोराची मान खाली गेली. त्याची आई लोकांचे कपडे शिवायची. सुईत दोरा ओवता येत नाही, चष्मा करून दे, असं ती नाताळपासून सांगत होती. पुढच्या महिन्यात बघू, म्हणून तो सांगत आला होता. क्रुसाला चार हजार लागले होते.

ओवी ९ आली. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी उभं ठेवायला सांगणारी. अण्णा वाचत गेले. ओवी १३ ला मात्र अडखळले. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्यापाशी ठेवू नये, असं तिथं होतं. अण्णांचा कांदा काढून चाळीत पडला होता. अकरा बायकांची चार दिवसांची मजुरी राहिली होती. भाव पडलेत, कांदा विकून पट्टी आली की देतो, असं त्यांनी सांगितलं होतं. शेवटच्या रांगेतल्या तीन बायकांनी माना वर केल्या.

अण्णांचा आवाज उतरला. दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नये, ही ओवी आली तेव्हा त्यांच्या अंगात टेरिकॉटचा सदरा होता. दाढीच्या कडा छाटू नयेत, ही आली तेव्हा गालावर सकाळचा वस्तरा फिरलेला होता. मग ओवी २८ आली. मेलेल्यांसाठी अंग चिरून घेऊ नये, इथून ती सुरू होत होती. अण्णांना पाठ होती ती पुढची अर्धी.

ते थांबले.

"संपला का अध्याय?" आजीनं विचारलं.

संपला नव्हता. ओवी ३२ राहिली होती. पिकल्या केसांसमोर उठून उभं राहायला सांगणारी. आजी मघापासून काठीवर उभी होती. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. पोरगा पुढं झाला, गोंदलेल्या हातानं तिला कोपराशी धरलं आणि बाकावर बसवलं.

आजीनं त्याच्या हाताकडं बघितलं. "क्रूस चांगला काढलाय," ती म्हणाली. "आता हा हात जपून वापर. लोक हाताकडं बघून प्रभूला नावं ठेवतील."

गोंदावं की गोंदू नये, याचा निकाल त्या दिवशी लागला नाही. पाळकसाहेबांनीही तो लावला नाही, आणि मला वाटतं, त्यांनी बरंच केलं. दुसऱ्याच्या अंगावरचं वाचायला माणसाला चष्मा लागत नाही. आपल्या नावाची ओवी त्याच पानावर असते, पण ती कुणीतरी वाचायला लावावी लागते. सोनारानंच कान टोचावे म्हणतात. इथं ते काम अक्षर न दिसणाऱ्या म्हातारीनं केलं.

सोमवारी पहिल्या एसटीनं पोरगा आईला तालुक्याला डोळे तपासायला घेऊन गेला.

अण्णा मात्र सोमवारपर्यंत थांबले नाहीत. पट्टी आली नव्हती. त्यांनी बायकोकडून पैसे मागून घेतले आणि दिवस मावळायच्या आत वस्तीवर गेले. बायका एकेक करून पुढं आल्या. अकरावीनं हात पुढं केला. मनगटावर हिरवे ठिपके होते आणि एक विंचू. अण्णांनी तो पाहिला. नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि तिच्या तळहातावर ठेवल्या.