मारक्या बैलाचा धनी
(निर्गम २१ : २८, २९)

मोशेच्या नियमशास्त्रात मारक्या बैलाविषयी एक कलम आहे. बैलाने अकस्मात कोणास हुंदडून ठार केले, तर धनी निर्दोष ठरतो; परंतु बैल पूर्वीपासून मारका असून, धन्यास तशी सूचना मिळूनही त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर मृताच्या रक्ताचा दोष धन्यावर येतो. बैल दोन्ही प्रसंगी मारिला जातो. भेद पडतो तो धन्याच्या ठायी, व एकाच कारणाने: त्यास ठाऊक होते.

आपल्या दारी बैलाहून कुत्र्याचे भय मोठे. मनुष्यास होणारा रेबीज १०० पैकी सुमारे ९९ वेळा कुत्र्यापासूनच येतो, आणि रुग्णास पाण्याचे भय वाटू लागल्यावर वैद्याच्या हाती बहुधा काही उरत नाही. तथापि तो कुत्र्यातच थांबविता येतो. दर १०० कुत्र्यांपैकी ७० कुत्र्यांस लस टोचली, तर रोग त्यांच्यात पसरेनासा होतो. हे काम पशुवैद्याचे. गाय अडली म्हणजे आपण त्यास बोलावतो. तो आपल्या लेकरांचाही राखण करणारा आहे, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. गोव्यात २०१३ सालापासून पशुवैद्य व त्यांचे साहाय्यक जाळी घेऊन फिरले, भटक्या कुत्र्यांसही टोचले, शाळांतून मुलांस शिकविले. २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

लस टोचणारे आले असता "आमचा कुत्रा गरीब आहे" म्हणून त्यास घरात लपविणारे आपल्या मंडळ्यांतही आहेत. त्यांनी वरील कलम पुन्हा वाचावे.

जखमेत तिखट वा चुना भरणे, मांत्रिकाकडे धावणे, हेही ख्रिस्ती घरांतून अद्याप गेलेले नाही. साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवा म्हटले, तर ते क्षुल्लक वाटते. नामानासही यार्देनेत बुडी मारणे क्षुल्लकच वाटले होते. तो रागावून निघालाच होता, पण त्याच्या चाकरांनी त्यास वळविले (२ राजे ५ : ११-१४). उपदेशकांनी त्या चाकरांचे काम करावे. चावलेल्या मुलास घेऊन आई प्रार्थनेसाठी आली, तर प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवर करावी. लस, आणि रक्त निघाले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, त्याच दिवशी मिळाले पाहिजे. पुढील टोचण्याही ठरल्या दिवशी व्हाव्यात. कुत्रा ओळखीचा आहे, बाजारच्या दिवशी जाऊ, असे कोणी म्हणाल्यास ऐकू नये. गाडीभाडे नसेल, तर ते मंडळीच्या दानपेटीतून द्यावे.