मनाचे दुखणे हा कोणाचा दोष?

दीक्षा घेतली, देव्हारे उतरले, गंडेदोरे तुटले. तरीही घरातील सून रात्र-रात्र झोपेनाशी झाली, किंवा कर्ता मुलगा कोणाशी बोलेनासा झाला, की काही घरांची पावले अंधार पडल्यावर भगताकडे वळतात. असे का व्हावे, याचा धम्मबांधवांनी शांतपणे विचार केला पाहिजे.

जुन्या धर्मात मनाच्या आजाराला तयार उत्तर होते : बाहेरची बाधा, नाहीतर मागील जन्मीचे पाप. ते उत्तर आपण टाकले. परंतु त्याच्या जागी काहीजण म्हणू लागले, "मनच कमकुवत," "पंचशील पाळत नाही म्हणून असे झाले." हे जुनेच कर्मफळ नवे कपडे घालून आले आहे! दोन्ही उत्तरे दोष आजाऱ्याच्या माथी मारतात. ज्यांच्या माथी जन्मानेच दोष मारला गेला, त्यांनी तरी हे करू नये.

तथागतांनी रोग दोन प्रकारचे सांगितले, शरीराचे आणि मनाचे. क्षणभरही मनाच्या रोगापासून मुक्त असणारे विरळाच, असे अंगुत्तर निकायात आहे. मग लाज कसली? पती, मुले, आईवडील गमावून वेडी झालेली पटाचारा श्रावस्तीत आली, तेव्हा लोक तिला हाकलीत होते. तथागतांनी तिला भगिनी म्हणून हाक दिली, भानावर आणले. कोणी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. पुढे हीच पटाचारा संघातील थोर भिक्षुणी झाली.

आता कोणी विचारील, "जातीचा अपमान रोज गिळणाऱ्याचे दुःख गोळीने कसे जाईल? त्याला न्याय हवा." प्रश्न रास्त आहे. पण विषारी बाण लागलेल्या माणसाची कथा आठवा. बाण मारणारा कोण, कोणत्या जातीचा, हे कळेपर्यंत तो बाण काढू देत नाही. अशाने तो मरेल. बाण मारणाऱ्याला विसरायचे नाही, त्याच्याशी लढायचेच आहे. पण लढायला माणूस जगला पाहिजे. म्हणून बाण आधी काढला पाहिजे.

तो काढण्याची सोय सर्वांना सारखी मिळते काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशा शहरांत. खेड्यातील मजुराला तेथे जायचे तर रोजगार बुडतो, एस.टी.चे भाडे पडते, आणि औषध एकदाच आणून भागत नाही. त्यात आपले ऐकून घेतील की हिणवतील, ही धास्ती वेगळीच.

परंतु ही कृपेची याचना नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. त्यात जात, धर्म, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही, रुग्णाला साखळदंडाने बांधता येत नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही.

हक्क कागदावर असतो; तो माणसापर्यंत आपणच न्यायचा असतो. विहारात वंदनेनंतर हा क्रमांक वाचून दाखवा. जिल्हा रुग्णालयात आजाऱ्यासोबत कोणीतरी जा. भाड्यासाठी वर्गणी काढा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मनाला केंद्रस्थान दिले आहे. मन दुखावलेल्या माणसाला वस्तीने एकटे सोडले, तर त्या ग्रंथाचे पारायण वाया गेले असे समजावे.